गड उतरताना ती ऊर्जा जाते कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. वय ४४, वजन ७६ किलो, काम दिवसभर खुर्चीवरचं. ऑफिसातल्या मित्रांबरोबर आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड केलात. चढताना पाच-सहा वेळा बसावं लागलं, शर्ट घामाने चिंब झाला. वर पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं. उतरताना दम अजिबात लागला नाही, गप्पा मारत निघालात. पण निम्म्या वाटेवर गुडघे दुखायला लागले, खाली येईपर्यंत पाय लटपटायला लागले आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. त्यावर तुम्ही विचारता: "शाळेत शिकलो होतो की वर चढलं की स्थितिज ऊर्जा साठते आणि खाली येताना ती परत मिळते. मग ती परत मिळालेली ऊर्जा गेली कुठे? उतार तर फुकटचा, मग पाय का गेले? माझे गुडघे झिजलेत का?"

मी पुण्यात २२ वर्षं फिजिओथेरपी करते. पाऊस सुरू झाला की सोमवार-मंगळवारी गुडघा धरून येणारे वाढतात, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार उतरणीची असते, चढाईची नाही. "झिजलेत का" हे सगळेच विचारतात. "ऊर्जा गेली कुठे" असं विचारणारे फार थोडे. मला मात्र तुमचा हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की गुडघ्याचं काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

तर आधी हिशेब करू. तुम्ही ७६ किलो, पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि डबा धरून ४ किलो, एकूण ८०. आतकरवाडीपासून वरपर्यंतची उंची साधारण ६०० मीटर धरू. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. ती येते सुमारे ४ लाख ७० हजार ज्यूल. आहाराच्या भाषेत सांगायचं तर ११२ किलोकॅलरी, म्हणजे एका भाकरीच्या आसपास. एवढीच? हो, पण स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा उंची मिळवायला वापरतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून ११२ कमवायला तुम्ही साडेचारशेच्या आसपास खर्च केल्या. शर्ट भिजला तो त्या बाकीच्या तीन हिश्श्यांमुळे. चढाईचं कोडं इथेच सुटतं.

आता वर पोचलात. ४ लाख ७० हजार ज्यूल तुमच्या नावावर जमा आहेत. शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे, खाली येताना ते परत मिळतात. पण कोणत्या रूपात? गतिज ऊर्जेच्या, म्हणजे वेगाच्या. समजा गडावरून खालपर्यंत एक गुळगुळीत घसरगुंडी आहे, घर्षण नाही, हवेचा अडथळा नाही. तुम्ही वरून स्वतःला सोडून दिलंत तर आतकरवाडीत पोचताना तुमचा वेग ताशी सुमारे ३९० किलोमीटर असेल. तुम्ही प्रत्यक्षात पोचलात तो ताशी तीन किलोमीटरने, गप्पा मारत. या दोन वेगांमधली सगळी ऊर्जा वाटेत कुणीतरी काढून घेतली, आणि ती थोडी थोडी करत, प्रत्येक पावलाला काढून घेतली. थोडी बुटाखालच्या मातीत आणि सोलमध्ये गेली, पण बहुतेक सगळी तुमच्या मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी घेतली.

म्हणून "उतार फुकटचा" या शब्दाशीच माझा झगडा आहे. चढताना ऊर्जा मिळवायची असते आणि उतरताना ती संपवायची असते. कामं दोन्ही आहेत. खंडाळ्याच्या घाटात भरलेला ट्रक खाली येतो तेव्हा ड्रायव्हर न्यूट्रल मारून उतरत नाही. जाणता ड्रायव्हर गाडी खालच्या गियरमध्ये टाकतो, इंजिनावर रोखतो आणि ब्रेक राखून वापरतो. ज्याने सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवला त्याचे लायनर तापून वास येतो आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक लागेनासे होतात. तुमचं नेमकं हेच झालं. लटपटणारा पाय म्हणजे तापलेला ब्रेक.

ही ऊर्जा शेवटी होते काय? उष्णता. तुमचे ४ लाख ७० हजार ज्यूल पाण्यात घातले तर जवळजवळ दीड लिटर गार पाण्याला उकळी येईल. तुम्ही तासाभरात उतरलात असं धरलं तर १३० वॅटचा दिवा तासभर तुमच्या पायांत तेवत होता असं समजा. मुंबईच्या नव्या लोकलगाड्या ब्रेक लावताना अशी ऊर्जा वीज करून वरच्या तारेत परत पाठवतात. आपल्या स्नायूला ती सोय नाही. खाली येताना मिळालेल्या ऊर्जेची पुन्हा साखर किंवा चरबी करता येत नाही. तिची उष्णता होते, रक्त ती त्वचेकडे नेतं, आणि वाऱ्यावर ती निघून जाते.

इथे एक शंका रास्त आहे. एवढं काम झालं, मग दम का लागला नाही? स्नायू दोन प्रकारे जोर लावतो. जिना चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडत जातो आणि गुडघा सरळ करतो. जिना उतरताना तोच स्नायू जोर लावतच असतो, पण त्याच वेळी लांब होत जातो. विहिरीत कळशी सोडताना दोर हातातून हळूहळू सोडतो तसं. जोर आहे, पण हात पुढे जातोय. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही एक्सेंट्रिक काम म्हणतो, आणि त्याची गंमत अशी की तेवढ्याच जोरासाठी त्याला प्राणवायू फार कमी लागतो.

१९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघा शास्त्रज्ञांनी हे फार सुरेख दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि साखळीने एकमेकींना जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचं आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पायडलला विरोध करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. पण पुढे मारणारा धापा टाकतो आणि विरोध करणारा निवांत असतो, कारण त्याला लागणारा प्राणवायू काही पटींनी कमी. एका लहानखुऱ्या बाईने एका धिप्पाड पुरुषाला अशा सायकलवर सहज दमवल्याचं प्रात्यक्षिकही तेव्हा झालं. मी विद्यार्थ्यांना एक्सेंट्रिक काम शिकवते तेव्हा सुरुवात याच गोष्टीने करते, कारण तुमचा सगळा सिंहगड तिच्यात आहे. चढताना तुम्ही तो दमलेला पुरुष होतात आणि उतरताना ती निवांत बाई.

पण त्या स्वस्ताईची किंमत आहे. तेवढाच जोर लावायला उतरताना स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात. म्हणजे जे कामाला लागले त्यांच्या एकेकाच्या वाट्याला जास्त ताण, आणि तोही ताणले जात असताना. सवय नसेल तर त्या तंतूंत बारीक बारीक इजा होतात. त्यांची सूज हळूहळू चढते, म्हणून दुखणं त्याच संध्याकाळी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. "लॅक्टिक ॲसिड साचलंय, मालिश करून काढा" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. मंगळवारी दुखणाऱ्या मांडीशी रविवारच्या लॅक्टिक ॲसिडचा संबंध नाही. मालिशने बरं वाटतं ते खरं, जरूर करा, पण कारण वेगळं आहे.

मांडीचं दुखणं झालं. आता गुडघा. इथे मी एक प्रश्न प्रत्येकाला विचारते, तुम्हीही आठवून पाहा. पायरी उतरताना कोणता पाय दुखतो, खाली टेकवलेला की वरच्या पायरीवर मागे राहिलेला? बहुतेक लोक पटकन "खालचा" म्हणतात. मग मी त्यांना माझ्या खोलीतल्या १५ सेंटीमीटरच्या लाकडी पाटावरून सावकाश उतरायला लावते आणि ते मध्येच थांबून म्हणतात, "अरे, वरचा दुखतोय." बरोबर आहे. खालचा पाय जमिनीला टेकेपर्यंत सगळं शरीर मागचा एकटा पाय खाली सोडत असतो. त्याचा गुडघा वाकत वाकत जातो, मांडीचा स्नायू दोर सोडत राहतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सपाट रस्त्यावर हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, पायरी उतरताना तो वजनाच्या तिपटीपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. वाटीच्या आजूबाजूला, समोरच्या बाजूने दुखत असेल तर कारण बहुधा इथे असतं.

खालच्या पायाचं काम वेगळं. त्याने उरलेला धक्का झेलायचा. पाऊल आधी चवड्यावर टेकतं, पोटरी ताणली जाते, मग टाच खाली येते आणि गुडघा किंचित वाकतो. एवढ्याशा वाकण्याला किती महत्त्व आहे ते आकड्यांनी सांगते. समजा तुम्ही २० सेंटीमीटरची पायरी मागच्या पायाने न रोखता नुसती धपकन उतरलात. टेकताना वेग ताशी सात किलोमीटर. हा वेग शून्यावर आणायला पाय ताठ ठेवलात आणि शरीर फक्त २ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी बळ तुमच्या वजनाच्या ११ पट. तेच गुडघा, घोटा आणि खुबा वाकवून १० सेंटीमीटरमध्ये थांबलात तर तीनपट. ऊर्जा तीच, पायरी तीच, फक्त ती संपवायला दिलेलं अंतर वाढलं. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात ते याचसाठी. खऱ्या उतरणीत मागचा पाय बरंचसं रोखतो, त्यामुळे ११ पटीपर्यंत गोष्ट सहसा जात नाही. पण मागचा पाय थकला की ती त्या बाजूला सरकायला लागते.

तुमच्या वाटेवर झालं ते असं असावं. एका पायरीला सरासरी २० सेंटीमीटर धरले तर ६०० मीटरला ३,००० पायऱ्या होतात, एका पायाला १,५००. पहिल्या हजारभर पायऱ्या मांड्यांनी मुकाट्याने रोखल्या. दम लागत नव्हता म्हणून तुम्ही एकदाही थांबला नाहीत. चढताना पाच-सहा वेळा बसलात आणि उतरताना एकदाही नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मांड्या थकल्या. थकलेला स्नायू गुडघा वाकवून धरायला नको म्हणतो, म्हणून माणूस नकळत पाय ताठ करून टेकवायला लागतो. ताठ पायाने धक्का स्नायूऐवजी हाडाकडे, कूर्चेकडे (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाकडे), वाटीकडे जातो. दुखायला लागतं. दुखतं म्हणून आपण लवकर उतरून टाकू म्हणतो, लवकर म्हणजे मोठी पावलं, मोठं पाऊल म्हणजे मोठा धक्का. तुम्ही "निम्म्या वाटेवर" दुखायला लागलं म्हणता ते मला अगदी पटतं. गुडघा झिजलेला असता तर त्याने बहुधा पहिल्या शंभर पायऱ्यांतच सांगितलं असतं.

बहुधा म्हणते, कारण तुम्हाला न पाहता छातीठोकपणे सांगणं योग्य नाही. दोन्ही गुडघे समोरून दुखले, चार-पाच दिवसांत थांबले, आता सपाट चालताना काही नाही, असं असेल तर ही ताकदीची आणि सवयीची गोष्ट आहे. पण गुडघ्याला सूज आली, एकच गुडघा दुखतोय आणि दोन आठवड्यांनीही दुखतोय, मध्येच अडकतो, चालताना दगा देतो, रात्री झोपेत दुखतो, किंवा वाटेत पाय मुरगळून 'कट्' असा आवाज झाला होता, तर पुढे लिहिलेलं काही करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेमध्ये चाळिशीनंतर थोडेफार बदल दिसतातच. नुसत्या त्या कागदावरून गड सोडू नका आणि नुसत्या माझ्या लिहिण्यावरून सूज अंगावर काढू नका.

सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा लोकांना सरळ सांगत असे, उतरणं बंद करा, वर चालत जा आणि खाली गाडीने या. लोक ऐकायचे, वर्षभराने परत यायचे, आणि आता घरचा जिना उतरतानाही दुखायचं. ब्रेक वापरायचाच नाही म्हटल्यावर तो सुधारणार कसा? आमच्या एका पेशंटनी सोसायटीत नेम धरला होता, रोज आठ मजले चढायचे आणि लिफ्टने खाली यायचं, "गुडघ्यांना त्रास नको" म्हणून. दमसास उत्तम झाला. पण त्याच दमसासावर हरिश्चंद्रगडाला गेले आणि उतरताना मित्रांचे खांदे धरावे लागले. इंजिन तयार केलं होतं, ब्रेक तसाच राहिला होता. मी त्यांना उलटं करायला लावलं, लिफ्टने वर आणि चालत खाली. तैवानमध्ये वजन जास्त असलेल्या वयस्क बायकांच्या दोन गटांवर १२ आठवडे असाच प्रयोग झाला. एक गट नुसता जिना चढायचा, दुसरा नुसता उतरायचा. उतरणाऱ्या गटाची मांडीची ताकद जास्त वाढली, आणि रक्तातल्या साखरेसारख्या गोष्टींतही त्यांचीच सुधारणा जास्त होती. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण घाम म्हणजेच व्यायाम असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे.

तुम्ही घरी काय कराल ते सांगते. पहिली गोष्ट खुर्चीची. खुर्चीत बसताना आपण शेवटच्या वीतभर अंतरात स्वतःला सोडून देतो, धपकन. ती वीत म्हणजेच तुमची न वापरलेली मांडी. हात छातीवर घडी करून, मनात एक ते पाच मोजत बसा, आणि पाच म्हणेपर्यंत खुर्चीला टेकायचं नाही. उठताना कसेही उठा. दहा वेळा, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा दहा, एक दिवसाआड. आठवडाभराने हे सोपं वाटायला लागलं की जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत जमिनीला अलगद लावायची आणि परत वर. आरशासमोर करा. गुडघा आतल्या बाजूला दुसऱ्या गुडघ्याकडे पडत असेल तर पायरी उंच आहे, कमी उंचीचा पाट घ्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. किंचित दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर निम्मं करा.

मग जिना. लिफ्टने चौथ्या मजल्यावर जा आणि कठड्याजवळून, हात फक्त आधारापुरता ठेवून चालत उतरा. पहिल्या दिवशी तेवढंच. मांड्या दोन दिवस दुखतील. त्या थांबल्या की पुन्हा. तीन-चार आठवड्यांत बारा-पंधरा मजले एका वेळी जमायला लागतात. पुण्यात असाल तर पर्वती उत्तम, १०३ रुंद पायऱ्या आहेत. पण तिथे सगळे चढण्यासाठीच जातात. तुम्ही उतरण्यासाठी जा.

उतरताना पाय कसा ठेवायचा हे मला सिंहगडाच्या ताक-दही विकणाऱ्या बायकांकडे बघून जितकं कळलं तितकं पुस्तकातून कळलं नाही. कित्येकदा मी त्यांच्या मागे मागे उतरले आहे. पावलं छोटी, आपल्यापेक्षा जवळजवळ निम्मी. गुडघे कधीच पूर्ण ताठ नाहीत, सतत किंचित वाकलेले. मोठा दगड आला की त्यावरून सरळ उतरत नाहीत, बाजूने वळसा घेतात, एका उंच पायरीच्या दोन बुटक्या करतात. उतार तीव्र झाला की अंग थोडं तिरकं करून नागमोडी येतात. आणि पायाचा आवाज येत नाही. आमच्यासारख्यांची पावलं धप् धप् वाजत असतात, त्यांच्या डोक्यावर टोपली असते आणि तरी पायाखालची मुरूम नुसती कुरकुरते.

तो आवाज लक्षात ठेवा. मी पेशंटला पाटावरून उतरायला सांगते तेव्हा कधी कधी पाठ करून उभी राहते आणि नुसतं ऐकते. पाऊल वाजलं म्हणजे ऊर्जा एकदम, थोड्या अंतरात संपवली. नाही वाजलं म्हणजे स्नायूने ती ताणून, वेळ घेऊन संपवली. गडावर तुमच्याबरोबर मी नसेन, पण तुमचे कान असतील. पावलं वाजायला लागली की मांड्या थकल्या, मग दम लागलेला असो वा नसो. तिथे थांबायचं, पाच मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं. उतरताना दर वीस मिनिटांनी तर थांबाच, गरज वाटत नसली तरी.

ट्रेकिंगच्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्यांबद्दल: दोन्ही हातांत दोन, आणि उतरताना चढतानापेक्षा थोड्या लांब केलेल्या. काठी पुढे टेकली की उंचीचा थोडा हिस्सा दंड आणि खांदे रोखतात. उतारावर केलेल्या चाचण्यांत यामुळे गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी झालेला दिसला आहे. ३,००० पावलांवर ही बचत मोठी आहे. नीकॅपने ऊब मिळते, धीर येतो, पण ऊर्जा ती घेत नाही. वजनाचं गणित तुम्ही वरच्या सूत्रात बघितलंच आहे, पाठीवरचा प्रत्येक किलो ६०० मीटर खाली आणायला ५,८८० ज्यूल रोखावे लागतात, तेव्हा वर बसून पाणी संपवूनच निघा. बुटाची नाडी उतरण्याआधी पुन्हा घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

आता एक शेवटचा धागा, कारण तुम्ही असंही लिहिलंय की रोज सकाळी तासभर सपाट चालता, तरी असं का झालं. सपाट चालणं ऊर्जेच्या दृष्टीने फार काटकसरी आहे. पाऊल टेकून शरीर त्या पायावरून पुढे जातं तेव्हा ते उलट्या लोलकासारखं दोन-चार सेंटीमीटर वर चढतं आणि वेग किंचित कमी होतो. मग ते खाली येतं आणि वेग परत वाढतो. स्थितिज आणि गतिज ऊर्जा एकमेकींत बदलत राहतात, आणि सोयीच्या वेगाने चालताना यातली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अशीच परत वापरली जाते. शाळेतलं "परत मिळते" हे तुम्हाला इथे खरंखुरं मिळत असतं. अगदी सौम्य उताराला, दर १०० मीटरला १० मीटर उतरणाऱ्या रस्त्याला, चालणं सगळ्यांत स्वस्त पडतं. त्यापेक्षा उतार तीव्र झाला की देवाणघेवाण मोडते, परत वापरायला जागाच उरत नाही आणि नुसतं रोखणं सुरू होतं. म्हणून रोजच्या तासाभराच्या चालण्याने हृदय-फुप्फुसं तयार होतात, रोखणारी मांडी होत नाही. चालणं सोडू नका, त्यात आठवड्यातून दोनदा जिना उतरणं घाला.

आणि पुढचा गड फार लांबवू नका. एकदा अशी उतरण झाली आणि मांड्या बऱ्या झाल्या की त्या पुढच्या वेळेसाठी शिकलेल्या असतात. तीच उतरण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केलीत तर दुखणं स्पष्टपणे कमी असतं. हा फायदा काही आठवडे टिकतो आणि मग विरत जातो. वर्षातून एकदा पावसाळ्यात सिंहगड करणारा माणूस म्हणूनच दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करतो. तुमचं दुखणं आता पूर्ण गेलं असेल तर खुर्ची आणि पायरी आजपासून सुरू करा, आणि तीन आठवड्यांनंतरच्या कोरड्या रविवारी पुन्हा आतकरवाडीला या. अर्ध्यापर्यंतच चढा, तिथून काठ्या लांब करून कान देऊन उतरा. मंगळवारी जिन्यावर काय होतंय ते मला कळवा.